आधी टेप लावा, मग पैसे मोजा

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही कराडला राहतो. घरात मी, मिस्टर आणि सासूबाई. मिस्टर जूनमध्ये निवृत्त झाले आणि गेल्या दिवाळीत आम्ही ४३ इंची ४के टीव्ही घेतला. दुकानदार म्हणाला, "आता नेटफ्लिक्सचा मोठा प्लॅन घ्या, नाहीतर या टीव्हीचा उपयोग काय?" जावईबापूंनीही तेच सांगितलं, म्हणून महिना ६४९ रुपयांचा प्लॅन घेतला. खरं सांगू? मला काही फरक कळत नाही. मिस्टर म्हणतात कळतो, पण कुठे ते सांगत नाहीत. रविवारी रात्री सिनेमा लावला की चित्र मध्येच धूसर होतं, कधी नुसतं गोल फिरत बसतं. नेट ४० एमबीपीएसचं आहे, महिना ५९० रुपये. नेटवाला म्हणतो २०० चा प्लॅन घ्या, ११७९ पडतील. सासूबाईंचं वेगळंच : मालिका जुन्या टीव्हीवर बऱ्या दिसायच्या, आणि या टीव्हीतलं बोलणं ऐकूच येत नाही. आता सगळं पेन्शनीत बसवायचं आहे. कुठे थांबावं?
— एक वाचक, कराड

उत्तर :

नमस्कार. "कळतो, पण कुठे ते सांगत नाहीत" हे वाचून मी एकटीच हसत बसले. पण मिस्टरांची बाजूही पुढे घेणार आहे, तेव्हा हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

नेटवाल्याला अजून होकार दिला नसेल तर देऊ नका. आधी आकडे कागदावर मांडू. नेटफ्लिक्सचा ६४९ चा प्रीमियम आणि ४९९ चा स्टँडर्ड यांत महिन्याला १५० चा फरक, म्हणजे वर्षाला १८००. नेटचा प्लॅन वाढवला तर महिन्याला ५८९ जास्त, वर्षाला ७०६८. दोन्ही मिळून ८८६८ रुपये. टीव्ही घेऊन झाल्यावर त्याला खाऊ घालायचा हा दरवर्षीचा खर्च आहे, आणि दुकानदार टीव्ही विकताना तो सांगत नाही. (टीव्ही घेण्याची वेळ मात्र तुम्ही बरी साधलीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.)

आता शिवणाच्या डब्यातली टेप काढा. सोफ्यावर नेहमी बसता तशा बसा, मान मागे टेकवून. डोळ्यापासून टीव्हीच्या काचेपर्यंत किती फूट होतात ते मिस्टरांना मोजायला सांगा. आपल्याकडे हॉलमध्ये एका भिंतीला टीव्ही आणि समोरच्या भिंतीला सोफा, त्यामुळे हे अंतर आठ-नऊ फूट तरी निघतंच. तुमचंही तेवढंच असेल असं धरून पुढे लिहिते.

४के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण जवळजवळ ८३ लाख. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २०.७ लाख. बरोबर चौपट. दुकानात हे चौपट ऐकायला भारी वाटतं, पण धडधाकट नजरेलाही एका मर्यादेपलीकडे शेजारशेजारचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका सुमारे अर्धा मिलिमीटर असतो. चांगल्या नजरेच्या माणसालासुद्धा तो साडेपाच फुटांच्या आतच सुटा दिसतो. त्याच्यामागे सरकलात की फुल एचडीचे ठिपकेच एकमेकांत मिसळून जातात, मग ते आणखी बारीक करून काय साधणार? ५५ इंचीला ही हद्द सात फुटांच्या आसपास येते, ६५ इंचीला साडेआठच्या जरा आत. नऊ फुटांवरून ठिपक्यांचा फरक बघायचा तर ७० इंची टीव्ही लागेल. तो घ्या असं मी अजिबात सुचवत नाहीये. सांगायचं एवढंच की तुमच्या नजरेत काही खोट नाही.

मग मिस्टरांना काय दिसतं? ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. नेटफ्लिक्सच्या प्रीमियम प्लॅनमध्ये ठिपक्यांबरोबर आणखी एक गोष्ट येते, एचडीआर. त्यात उजेड आणि अंधार यांच्यामधल्या छटा जास्त असतात. काळोख्या खोलीत समईच्या उजेडात बसलेला माणूस, त्याच्या मागची भिंत, भिंतीवरची सावली, हे सगळं साध्या चित्रात एकच काळा डाग होऊन जातं. एचडीआरमध्ये भिंत भिंतीसारखी दिसते. ते ओळखायला जवळ बसावं लागत नाही, नऊ फुटांवरूनही कळतं. फक्त टीव्हीची उजेड पाडायची ताकद हवी, आणि मध्यम किमतीच्या ४३ इंची टीव्हींत ती बेताचीच असते. खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं, पडद्यावर ते अर्धंमुर्धंच उतरतं. म्हणजे मिस्टरांना फरक दिसत असेल तर तो अंधारातल्या दृश्यांत. पुढच्या वेळी विचारा, "कुठे?"

फुकटात करता येणारी परीक्षा आहे, ती आजच करा. टीव्हीवर यूट्यूब उघडा आणि २१६०पी (म्हणजे ४के) मध्ये असलेला एखादा व्हिडिओ लावा. जंगल, बाजार, नाहीतर एखाद्या हातमागाचा, ज्यात साडीच्या काठाची वीण जवळून दाखवली असेल. मग सेटिंग्जमध्ये जाऊन १०८०पी (म्हणजे फुल एचडी) करा. रिमोट मिस्टरांच्या हातात द्या, तुम्ही डोळे मिटा, त्यांनी आलटून पालटून लावावं आणि तुम्ही ओळखावं. नंतर उलट. बसायचं नेहमीच्याच जागी. पुढे सरकून बघायचं नाही, ती लबाडी झाली. दहापैकी पाच-सहा वेळाच बरोबर येत असेल तर तो नुसता अंदाज. आठ-नऊ वेळा आलं तर मी हरले.

समजा ओळखता आलं, तरी श्रेय सगळं ठिपक्यांना देऊ नका. चित्र चांगलं दिसतं ते ठिपके किती यावर जेवढं, तेवढंच दर सेकंदाला किती माहिती येते यावरही. सिनेमागृहांतले बरेच प्रोजेक्टर आजही २के आहेत, २०४८ गुणिले १०८०. म्हणजे तुमच्या फुल एचडीपेक्षा किंचितच जास्त. पण तिथे सिनेमा सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत (नेटवाल्याच्या भाषेत एमबीपीएस) माहिती घेऊन येऊ शकतो. घरी ४के स्ट्रीमिंग १५-१६ मेगाबिटमध्ये भागवतं. दाबून, पिळून, घडी घालून पाठवलेलं चित्र असतं ते. पाऊस, धूर, खळाळतं पाणी आलं की घडीच्या सुरकुत्या दिसायला लागतात. प्रीमियम प्लॅनमध्ये ठिपक्यांबरोबर माहितीचा ओघही वाढतो, म्हणून लांबूनही कधीकधी चित्र जरा स्वच्छ वाटतं. आणखी एक गंमत : कित्येक सिनेमांचं शेवटचं काम २के मध्येच झालेलं असतं आणि मग ते ४के वर ताणलेलं असतं. पाटी ४के ची, माल २के चा.

आता रविवारकडे येते, कारण तुमचं खरं दुखणं मला तिथे दिसतं.

चित्र थांबायच्या आधी धूसर होतं असं तुम्ही लिहिलंय. नेमकं लिहिलंय. या सेवा एकच सिनेमा पाच-सहा दर्जांत करून ठेवतात आणि प्रत्येकाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. लाइन भरून वाहत असेल तर टीव्ही मोठा तुकडा मागवतो, आटली की लहान. धूसर झालं याचा अर्थ ४के केव्हाच निघून गेलं आणि मोबाइलवर चालेल असा तुकडा तुमच्या टीव्हीवर ताणून लावलाय. म्हणजे ज्या रविवार रात्रीसाठी ६४९ भरता, त्याच रात्री ते मिळत नाही.

आणि तरी ४० एमबीपीएस कमी आहे का? नाही. नेटफ्लिक्स स्वतः ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं. हिशेब घरीही जमतो : ४के ला तासाला सुमारे ७ जीबी लागतात, ७ ला ८ ने आणि मग १००० ने गुणून ३६०० सेकंदांनी भागलं की साडेपंधरा मेगाबिट येतात. ४० मध्ये असे दोन सिनेमे एकाच वेळी चालतील. तुमच्याकडे टीव्ही एक. २०० घेऊन उरलेल्या १८४ चं करणार काय?

मग अडतं कुठे? दोनच जागा असू शकतात : घरात किंवा घराबाहेर. घरातली गोष्ट माझ्यावरच बेतलेली आहे. आमचा राऊटर जोडणीवाल्याने बेडरूममधल्या लोखंडी कपाटावर ठेवला होता. वायर तिथपर्यंतच पुरली, म्हणून. टीव्ही हॉलमध्ये, मधे विटांच्या दोन भिंती आणि ते कपाट. नेट १०० चं. कपाटाखाली उभं राहून फोनवर मोजलं की पुरे १००, आणि मी वर्षभर त्याच आकड्यावर समाधानी होते. एक दिवस टीव्हीच्या ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम ही नेटचा वेग मोजणारी साइट उघडली, तर ११. दाराशी शंभर लिटर पाणी येतं आणि स्वयंपाकघरात तांब्याभर पोचतं, अशातली गत. १५ मीटरची तयार लॅन केबल आणली, चार-पाचशे रुपयांत येते. भिंतीच्या कडेने खिळ्यांच्या क्लिपा ठोकत राऊटरपासून टीव्हीपर्यंत नेली. दाराच्या चौकटीखालून नेताना ती दोनदा चेपली, तेवढं सांभाळा. परत मोजलं, ९३. शंभर का नाही म्हणून मी पुन्हा कपाळाला आठ्या घातल्या. मग कळलं की बहुतेक टीव्हींचं लॅनचं भोक १०० एमबीपीएसचंच असतं. म्हणजे वायर लावलीत तर २०० चा प्लॅन तुमच्या टीव्हीत शिरणारही नाही बहुधा, आणि ९३ सुद्धा गरजेच्या सहापट आहे.

वायर नकोच असेल तर निदान टीव्ही वायफायच्या ५ गीगाहर्ट्झवर जोडलाय का ते बघा. २.४ गीगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यावर एकमेकींत न अडकणाऱ्या वाटा तीनच असतात आणि बिल्डिंगमधले सगळे राऊटर त्याच तिघांवर गर्दी करतात. ५ मोकळं असतं, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतं. म्हणून मी वायरीच्याच बाजूची.

घराबाहेरची तपासणी अशी. वायर लावून रविवारी रात्री ९ वाजता टीव्हीवर वेग मोजा, आणि मंगळवारी सकाळी ११ ला पुन्हा. दोन्ही वेळा ३५ च्या वर आला तर दोष वायफायचा होता, प्रश्न संपला. मंगळवारी ३८ आणि रविवारी ८ आला, तर दोष नेटवाल्याकडे. फायबरची लाइन एका घराची नसते. त्यातून साधारण अडीच गीगाबिट (म्हणजे २५०० एमबीपीएस) येतं आणि ते बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलं जातं. त्याच्या मागे नेटवाल्याने स्वतः वरून किती विकत घेतलंय हा वेगळाच भाग. रविवारी सगळी आळी सिनेमा लावून बसते. तिथे तुम्ही २०० चं कार्ड दाखवलंत म्हणून नळाला पाणी वाढत नाही. दोन्ही आकड्यांचे फोटो काढून त्याला पाठवा आणि मग बोला. आधी बोललात तर तो प्लॅनच विकणार.

जाता जाता त्याला एक विचारा, महिन्याची डेटा मर्यादा किती? मोठ्या कंपन्यांच्या फायबरला बहुधा ३३०० जीबी असते. तेवढ्यात ४के चे ४७० तास बसतात, म्हणजे रोज पंधरा तास. तुमच्याकडून ते होणे नाही. लहान नेटवाल्यांची मर्यादा मात्र बरीच खाली असू शकते. आणि नेट गेलं म्हणून मिस्टरांनी फोनचा हॉटस्पॉट टीव्हीला जोडला तर आधीच सांगून ठेवा : रोजचे दीड जीबी ४के मध्ये तेरा मिनिटांत संपतात. पाट्या पडतात न पडतात तोच.

एवढं सगळं होईस्तोवर ४के घरात येतंय का, हेही एकदा बघा. कितीतरी घरांत पैसे जातात आणि ते येतच नाही. नेटफ्लिक्सच्या खात्यात डेटा वापराची एक सेटिंग असते. कधीकाळी मोबाइलचा डेटा वाचवायला कुणीतरी ती मध्यमवर ठेवलेली असते. मग ६४९ भरा नाहीतर दुप्पट भरा, चित्र एचडीपर्यंतही जात नाही. ती ऑटो किंवा हाय करा. टीव्हीत स्ट्रीमिंगची काडी (स्टिक) लावली असेल तर ती ४के ची आहे का, तेही पाहा. सिनेमाच्या नावाशेजारी अल्ट्रा एचडी ४के असा शिक्का दिसायला हवा. प्लॅन किंवा टीव्ही कमी पडत असेल तर तो शिक्का दिसतच नाही, आणि सिनेमाच मुळात ४के मध्ये नसेल तरीही नाही. मराठी सिनेमे शोधून बघा. माझ्या यादीतल्या बहुतेकांपुढे तो शिक्का नाही. महिन्यातून तुम्ही जे पाहता त्यातल्या कितींपुढे आहे ते एका कागदावर लिहा, निर्णयाला तोच कागद उपयोगी पडेल.

आणखी एक बिनपैशाचं काम. टीव्ही दुकानातल्या व्हिविड मोडवरच असेल, रंग भडक आणि माणसं सरबरीत सरकणारी. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने घालतो आणि मग कुठलाही सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. पहिले दोन दिवस चित्र मळकट, पिवळट वाटेल. थांबा. तिसऱ्या दिवशी परत व्हिविडवर गेलात तर डोळे दिपतील.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि त्यांना कुणी "तुमचे डोळे" असं म्हटलं असेल तर माफी मागायला सांगा. साध्या एसडी वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही आत. नवा टीव्ही ते ८३ लाख ठिपक्यांवर पसरवतो. एका ठिपक्याचे वीस! पोळी एवढी लाटली की फाटणारच. जुन्या लहान टीव्हीवर ती एवढी ताणली जात नव्हती. आधी टीव्हीच्या मागे बघा, सेट-टॉप बॉक्स लाल-पांढरी-पिवळी अशा तीन पिनांच्या जुन्या वायरीने जोडलाय का. पुष्कळदा टीव्ही बसवणारा हाताशी असलेली वायर खुपसून जातो. तसं असेल तर एचडीएमआय वायर लावा. बॉक्स एसडीचा असेल तर तो बदलून एचडीचा घ्या आणि त्या रोज बघतात त्या दोन-तीन मराठी वाहिन्या एचडीत घ्या. मोठ्या मराठी वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. तुमच्या घरात टीव्ही सगळ्यात जास्त तास बघतं कोण? महिन्याला दोन सिनेमे बघणारे तुम्ही दोघं, की रोज संध्याकाळी साडेसहापासून बसणाऱ्या त्या? माझ्या मते तुमच्या ८८६८ मधला पहिला रुपया इथे जायला हवा होता.

आवाजाचंही तसंच. टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसले, आवाज भिंतीशी बोलतो. स्ट्रीमिंगवर सिनेमा लावताना ऑडिओ ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा) निवडलेला असेल तर त्याऐवजी साधा स्टिरिओ लावून बघा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात आणि तुमच्याकडे तो स्पीकरच नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पष्ट संवादाचा पर्याय असेल तर तो चालू करा. एवढ्यानेही भागलं नाही तर पाच-सहा हजारांतला साधा साऊंडबार घ्या, टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयला जोडला जाईल असा. तो एकदाच घ्यायचा. ८८६८ दरवर्षी जाणार होते.

राहिला प्लॅन. डिसेंबर २०२१ मध्ये प्रीमियम ७९९ वरून ६४९ वर आला, तरी तो चार स्क्रीनचा प्लॅन आहे. तुम्ही माणसं तीन, टीव्ही एक. जावईबापूंना पासवर्ड देऊन वसूल करू म्हणाल तर जुलै २०२३ पासून भारतात खातं एकाच घरापुरतं आहे. तेव्हा या महिन्याचे दिवस संपले की स्टँडर्डवर या. दोन स्क्रीन आणि फुल एचडी, ४९९. हे वर्षाचं लग्न नव्हे, महिन्याचा मामला आहे. अंधार, डोंगर, समुद्र असं काही भव्य ४के मध्ये आलं आणि मिस्टरांना हुक्की आली, की त्या महिन्यापुरते १५० जास्त भरा आणि सगळं त्याच महिन्यात बघून घ्या. नेटफ्लिक्सचा १९९ चा बेसिक प्लॅनही आहे, पण तो ७२०पी वर थांबतो. ४३ इंचीवर नऊ फुटांवरून तोसुद्धा मला कधीकधी खपतो. हे मिस्टरांना सांगू नका.

प्राइम व्हिडिओचं वर्षाचं १४९९ चं सदस्यत्व घरात सामान मागवायला घेतलेलं असेलच, तर ४के चा शिक्का तिथे आधी शोधा. जून २०२५ पासून त्यात जाहिराती येतात. त्या नकोत तर वर्षाला ६९९ आणखी. मी भरत नाही. जाहिरात आली की उठून गॅस बंद आहे का बघून येते.

नेटचा प्लॅन आहे तोच राहू दे. या आठवड्यात फक्त केबल आणा, आणि सेट-टॉप बॉक्सच्या मागे हात घालून ती वायर कुठली आहे ते बघा. रविवारी रात्री ९ चा आकडा किती आला ते मला कळवा. आणि डोळे मिटून घेतलेल्या परीक्षेत दहापैकी मिस्टरांचे किती आले, तेही.